जे. ॲलन हायनेक

जोसेफ ॲलन हायनेक (१ मे १९१०, शिकागो – २७ एप्रिल १९८६, स्कॉट्सडेल, ॲरिझोना) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होते. आकाशात दिसलेल्या अज्ञात वस्तूंची अमेरिकेच्या हवाई दलाने १९४८ ते १९६९ या काळात जी अधिकृत चौकशी चालवली, तिचे ते शास्त्रीय सल्लागार होते. असल्या सर्व वार्ता चुकीच्या ओळखीतून किंवा दृष्टिभ्रमातून उद्भवतात, अशी त्यांची आरंभीची धारणा होती. पुढे मात्र, यांपैकी काही वार्तांची स्पष्टीकरणे पुरेशा तपासाविना दिली गेली आणि त्यांतील काही आपणच दिली, असे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. परग्रहावरील जीव पृथ्वीवर येतात असे त्यांनी सिद्ध केले नाही. तसा दावाही केला नाही. तरीही या विषयातले सर्वांत परिचित नाव त्यांचेच आहे.

बालपण व शिक्षण

हायनेक यांचा जन्म शिकागोतील एका चेक कुटुंबात झाला. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आकाशात होता. लहानपणी ते स्कार्लेट फीव्हरने अंथरुणाला खिळले असताना आई त्यांना पुस्तके वाचून दाखवीत असे. गोष्टींची पुस्तके संपल्यावर खगोलशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक हाती आले आणि तेथून त्यांना या विषयाची गोडी लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

शिकागो विद्यापीठातून ते १९३१ साली पदवीधर झाले. त्याच विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत संशोधन करून १९३५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ताऱ्यांचे वर्णपट हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९३६ पासून ते ओहायो राज्य विद्यापीठात शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी अमेरिकन नौदलासाठी काम केले. तोफगोळा लक्ष्याजवळ पोहोचताच आपोआप फुटावा, यासाठी रेडिओ लहरींवर चालणारा फ्यूज तेथे विकसित होत होता. युद्धानंतर ते ओहायोला परतले आणि १९५० मध्ये पूर्णवेळ प्राध्यापक झाले.

हवाई दलाच्या चौकशीत प्रवेश

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने उडताना पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे वर्णन त्याने केले. वृत्तपत्रांनी गतीचे हे वर्णन आकाराला चिकटवले आणि 'उडती बशी' हा शब्द जन्मला. मराठीत तिची 'उडती तबकडी' झाली. या नावात एक अडचण आहे. ते वस्तूचा आकार आधीच ठरवून टाकते, आणि नकळत तिच्या आत बसणाऱ्याचीही कल्पना करून देते. हवाई दलात पुढे रूढ झालेली 'अज्ञात उडती वस्तू' ही संज्ञा त्या मानाने सावध आहे. पाहणाऱ्याला ओळख पटली नाही, एवढेच ती सांगते.

अमेरिकेचे हवाई दल सप्टेंबर १९४७ मध्ये भूदलापासून वेगळे झाले होते. सोव्हिएत संघाशी शीतयुद्ध सुरू होत असताना आकाशात परकी यंत्रे फिरत असतील तर त्यांची माहिती असणे त्याला निकडीचे वाटले. त्यातून ओहायोतील डेटन शहराजवळच्या राइट-पॅटरसन तळावर १९४८ च्या आरंभी 'प्रोजेक्ट साइन' ही चौकशी सुरू झाली. आलेल्या वार्तांपैकी कितीतरी वार्ता तारे, ग्रह आणि उल्का यांच्या असणार हे उघड होते. त्या वेगळ्या काढण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ हवा होता, आणि तळापासून फार दूर नसलेल्या कोलंबस शहरात हायनेक प्राध्यापक होते. त्यांच्या आयुष्याला लागलेल्या वळणामागे मोठे कारण म्हणावे असे काही नव्हते; ते जवळ राहत होते.

मँटेल प्रकरण

हायनेक यांच्याकडे तपासासाठी आलेल्या प्रकरणांत सर्वांत गंभीर प्रकरण कॅप्टन थॉमस मँटेल यांच्या मृत्यूचे होते. ७ जानेवारी १९४८ रोजी दुपारी केंटकी राज्यात अनेकांना आकाशात एक मोठी, गोलसर, पांढरी वस्तू दिसली. फोर्ट नॉक्स येथील गॉडमन विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरूनही ती दिसत होती. त्याच सुमारास केंटकी एअर नॅशनल गार्डची एफ-५१ मस्टँग विमाने त्या बाजूने चालली होती. त्यांचे नेतृत्व पंचवीस वर्षांच्या मँटेल यांच्याकडे होते. महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत भाग घेतलेले ते अनुभवी वैमानिक होते. वस्तूचा शोध घेण्याची विनंती मनोऱ्यावरून झाली आणि ते वर चढू लागले.

ही उड्डाणे कमी उंचीवरची असल्याने विमानांत प्राणवायूची पुरेशी सोय नव्हती. सुमारे २२,००० फुटांवर सोबतच्या वैमानिकांनी माघार घेतली. मँटेल चढत राहिले. सव्वातीनच्या सुमारास त्यांच्याशी संपर्क तुटला आणि थोड्याच वेळात विमान फ्रँकलिन गावाजवळच्या एका शेतात कोसळले. फ्रँकलिन हा त्यांचा जन्मपरिसरच होता. प्राणवायूच्या अभावी त्यांची शुद्ध हरपली असावी, असे चौकशीत ठरले. त्यावर फारसा वाद झाला नाही. ते कशाच्या मागे गेले होते, हा मात्र प्रश्न राहिला.

प्रथम उत्तर मिळाले शुक्र. त्या दुपारी शुक्र नैर्ऋत्येकडे, वस्तू दिसली त्याच बाजूला होता. दिशा जुळत होती आणि हवाई दलाला उत्तर हवे होते. शुक्राची चांदणी पहाटे किंवा तिन्हीसांजेला किती ठळक दिसते हे शेतावर जाणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. पण तोच शुक्र भर दुपारी शोधायचा झाला तर नेमकी जागा ठाऊक असावी लागते, आकाश अगदी निवळ असावे लागते, आणि मग एक बारीक टिंब दिसते. अनेक जणांनी वर्णन केलेली प्रचंड, धातूसारखी चमकणारी वस्तू त्या टिंबातून निघत नाही. हायनेक यांनाही हे कळत होते. त्यांच्या अहवालात शुक्राबरोबर फुग्याची शक्यताही नोंदलेली होती, परंतु लोकांपुढे गेला तो शुक्रच.

१९५२ मध्ये चौकशीचे तत्कालीन प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनी हे प्रकरण पुन्हा उघडले. तेव्हा हायनेक यांनी शुक्राचे स्पष्टीकरण स्वतःच मागे घेतले. सर्वांत संभाव्य उत्तर 'स्कायहुक' हे होते. नौदलाच्या प्रकल्पातले पॉलिथिनचे हे अवाढव्य फुगे शंभर फूट रुंदीपर्यंत फुगत आणि साठ हजार फुटांच्याही वर जात. १९४८ मध्ये हा प्रकल्प गुप्त होता, त्यामुळे मँटेल यांना किंवा मनोऱ्यावरील कोणालाही त्याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्या दिवशीच्या उड्डाणाची निर्विवाद नोंद रुपेल्ट यांना मिळाली नाही, पण वर्णन फुग्याशी जुळत होते आणि आज बहुतेक अभ्यासक हेच उत्तर ग्राह्य धरतात. एका खात्याचे गुपित दुसऱ्या खात्याच्या वैमानिकाला भोवले, असा याचा अर्थ होतो. चुकीचे पहिले उत्तर मिळाल्यामुळे, खरे उत्तर आले तेव्हाही पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही.

अशा फुग्यांचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडलेले वैज्ञानिक फुगे वाऱ्याबरोबर वाहत महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत उतरतात. उपकरणांना हात लावू नये आणि पोलिसांना कळवावे, अशी सूचना संस्था आधीच प्रसिद्ध करते. केंटकीतील लोकांना तशी सूचना मिळालेली नव्हती.

ग्रज, ब्लू बुक आणि रॉबर्टसन समिती

१९४९ मध्ये चौकशीचे नाव 'प्रोजेक्ट ग्रज' झाले आणि १९५२ मध्ये 'प्रोजेक्ट ब्लू बुक'. नावाबरोबर वृत्तीही बदलत गेली. 'ग्रज'च्या काळात वार्ता तपासण्यापेक्षा त्या निकालात काढण्याकडे कल होता. हायनेक यांनी त्या काळात २३७ प्रकरणांची छाननी केली. सुमारे एक तृतीयांश प्रकरणे खगोलीय होती. आणखी सुमारे तितकीच फुगे, विमाने इत्यादींमध्ये बसत होती. उरलेल्यांपैकी काहींत माहितीच अपुरी होती, तर काहींत माहिती असूनही उत्तर मिळत नव्हते. त्या शेवटच्या गटाने हायनेक यांना लगेच अस्वस्थ केले असे नाही. आणखी माहिती मिळाली तर तीही प्रकरणे सुटतील, असे त्यांना वाटत होते.

१९५२ मध्ये त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना सहज बोलता बोलता या विषयावर विचारून पाहिले. ४४ खगोलशास्त्रज्ञांपैकी ५ जणांनी उलगडा न झालेले काहीतरी आकाशात पाहिले होते, आणि हसे होईल या भीतीने ते उघड बोलले नव्हते. आकाश ओळखणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचीही ही स्थिती होती. १९५३ मध्ये अमेरिकेच्या प्रकाशशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. साक्षीदाराची टर उडवणे हा शास्त्रीय पद्धतीचा भाग नव्हे, असा त्याचा रोख होता.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बोलावली. लुई अल्वारेझ यांच्यासारखे नामवंत तिच्यात होते. हायनेक सहयोगी सदस्य म्हणून बसले. मागील उन्हाळ्यात वॉशिंग्टन शहरावर रडारवर दिसलेल्या ठिपक्यांनी मोठी खळबळ उडवली होती. वार्तांचा हा पूर संरक्षणाच्या संपर्कयंत्रणा तुंबवील, अशी समितीला चिंता होती. या वस्तूंपासून थेट धोका नाही आणि लोकांचे या विषयावरील कुतूहल कमी करावे, असा सल्ला तिने काही दिवसांच्या बैठकीनंतर दिला. त्यानंतर ब्लू बुक हे लोकसंपर्काचे कार्यालय अधिक आणि संशोधनाचे कमी झाले. हायनेक सल्लागारपदावर राहिले. पद सोडले असते तर कागदपत्रे पाहण्याचा अधिकार गेला असता, हे त्यांनी पुढे दिलेले कारण. ते खरे असले तरी, या काळात हवाई दलाच्या उत्तरांना त्यांच्या नावाची प्रतिष्ठा मिळत होती, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्यावर झालेल्या टीकेतील हा मुद्दा खोडून काढता येत नाही.

खगोलशास्त्रातील कार्य

उडत्या तबकड्यांच्या चर्चेत हायनेक यांचे मूळ काम झाकले जाते. १९५६ मध्ये ते फ्रेड व्हिपल यांच्यासह स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत उपग्रहांचा मागोवा घेण्याच्या योजनेवर काम करू लागले. तोवर एकही कृत्रिम उपग्रह आकाशात गेलेला नव्हता. जगभर बेकर-नन कॅमेऱ्यांची बारा केंद्रे उभारण्याची ही योजना होती. त्यांपैकी एक भारतात नैनिताल येथे स्थापन झाले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अंतराळात गेला तेव्हा या योजनेतील हौशी निरीक्षकांची पथके उपयोगी पडली.

१९६० मध्ये ते इव्हान्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्र विभागाचे प्रमुख आणि डिअरबॉर्न वेधशाळेचे संचालक झाले. दुर्बिणीला इलेक्ट्रॉनिक चित्रनलिका जोडण्याच्या प्रयोगांत ते आघाडीवर होते. 'स्टारगेझर' प्रकल्पात त्यांनी दुर्बीण फुग्यातून वातावरणाच्या वर नेण्याची कल्पना राबवली. डिसेंबर १९६२ मध्ये जोसेफ किटिंजर आणि विल्यम व्हाइट न्यू मेक्सिकोवर सुमारे ८२,००० फूट उंचीवर गेले आणि रात्रभर तेथे राहिले. ज्या जातीच्या फुग्याने मँटेल यांना बहुधा चकवले होते, त्याच जातीचा फुगा आता हायनेक वेधांसाठी वापरत होते.

सोकोरो आणि मिशिगन

२४ एप्रिल १९६४ रोजी न्यू मेक्सिकोतील सोकोरो गावाबाहेर लॉनी झमोरा या पोलिसाने अंड्याच्या आकाराची एक वस्तू जमिनीवर उभी असलेली आणि नंतर आवाज करत उडून गेलेली पाहिल्याचे सांगितले. जागेवर जळालेली झुडपे आणि मातीत उमटलेले ठसे होते. हायनेक स्वतः तेथे गेले. झमोरा खोटे बोलत नाहीत असे त्यांचे मत झाले. विद्यार्थ्यांनी केलेली ही खोडी असावी असा तर्क नंतर मांडला गेला, पण ब्लू बुकच्या दफ्तरी हे प्रकरण उलगडा न झालेलेच राहिले.

त्यांच्या लौकिकाला खरा धक्का बसला तो मार्च १९६६ मध्ये. मिशिगन राज्यात डेक्स्टर गावाजवळ आणि दुसऱ्या दिवशी हिल्सडेल महाविद्यालयाजवळ अनेकांनी रात्री हलते दिवे पाहिले. हिल्सडेलच्या वसतिगृहातील ऐंशीहून अधिक विद्यार्थिनी त्यांच्या साक्षीदार होत्या. राज्यभर गोंधळ माजला आणि हवाई दलाने हायनेक यांना पाठवले. काही दिवसांतच, २५ मार्चला, डेट्रॉइट येथे त्यांना पत्रकारांसमोर उभे करण्यात आले. दोन्ही ठिकाणे पाणथळ होती हे लक्षात घेऊन, दलदलीत कुजणाऱ्या वनस्पतींचा वायू पेटून असे उजेड दिसू शकतात, ही शक्यता त्यांनी मांडली. ओलसर जागी रात्री दिसणाऱ्या असल्या उजेडावरून आपल्याकडेही आग्या वेताळाच्या गोष्टी रचल्या गेल्या आहेत, तेव्हा कल्पना अगदीच निराधार नव्हती. ती या दोन घटनांपुरतीच असून सिद्ध झालेली नाही, हेही त्यांनी सांगितले होते.

पत्रकारांनी मात्र 'दलदलीचा वायू' हे दोनच शब्द उचलले. व्यंगचित्रे निघाली. आपल्याला मूर्ख ठरवले गेले, असे मिशिगनमधील लोकांना वाटले. त्या राज्याचे प्रतिनिधी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. ५ एप्रिल १९६६ रोजी प्रतिनिधीगृहाच्या सशस्त्र सेना समितीपुढे सुनावणी झाली आणि हायनेक यांनी तेथे साक्ष दिली. या विषयाचा स्वतंत्र शास्त्रीय अभ्यास व्हावा, ही मागणी त्यांनी तेथे केली. शुक्राच्या वेळी घाईने दिलेल्या उत्तराची किंमत दुसऱ्यांनी मोजली होती. या वेळी ती हायनेक यांना मोजावी लागली.

काँडन अहवाल व नंतरची वर्षे

सुनावणीचा परिणाम म्हणून कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली अभ्यास सुरू झाला. जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने या विषयाचा आणखी अभ्यास करून विज्ञानात भर पडण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष काढला. त्या अहवालातीलच बऱ्याच प्रकरणांना उत्तर मिळालेले नाही आणि निष्कर्ष आतील मजकुराशी जुळत नाही, असा आक्षेप हायनेक यांनी घेतला. डिसेंबर १९६९ मध्ये हवाई दलाने ब्लू बुक बंद केले. १२,६१८ वार्तांपैकी ७०१ वार्ता ओळख न पटलेल्या राहिल्या.

सरकारी बंधन संपल्यावर १९७२ मध्ये त्यांचे 'द यूएफओ एक्स्पिरियन्स' हे पुस्तक आले. वार्तांचे वर्गीकरण हा त्याचा गाभा आहे. दूरच्या वार्तांचे त्यांनी रात्रीचे उजेड, दिवसा दिसणाऱ्या तबकड्या आणि रडार व डोळे या दोहोंनी टिपलेल्या वस्तू असे गट केले. सुमारे ५०० फुटांच्या आतील घटनांना त्यांनी निकट भेटी म्हटले. पहिल्या प्रकारात वस्तू केवळ दिसते, दुसऱ्यात ती मागे खूण ठेवते, तिसऱ्यात तिच्यासोबत सजीव आकृती दिसल्याचे सांगितले जाते. तिसरा प्रकार टाळण्याचा मोह आपल्याला होतो, पण नको असलेल्या नोंदी गाळणे अशास्त्रीय ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. १९७३ मध्ये त्यांनी या विषयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. नोव्हेंबर १९७८ मध्ये ग्रेनाडाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत झालेल्या चर्चेतही ते बोलले.

उत्तरायुष्यात परग्रहावरील यानांच्या कल्पनेपासून ते दूर सरकले, कारण ताऱ्यांमधील अंतरे त्यांना चांगली ठाऊक होती. त्याऐवजी मानसिक शक्ती व अन्य मिती यांसारख्या कल्पनांकडे ते झुकले. फिलिप क्लास आणि खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मेंझेल हे त्यांचे कडवे टीकाकार होते. साक्षीदारांच्या सांगण्यावर हायनेक फार भिस्त ठेवतात, असा आक्षेप घेतला गेला. प्रयोगशाळेत ठेवता येईल असा निर्विवाद पुरावा त्यांच्या हयातीत पुढे आला नाही, त्यामुळे आक्षेपाचे वजन कमी झाले नाही.

चित्रपट व लोकप्रियता

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटाचे नाव हायनेक यांच्या वर्गीकरणातून घेतलेले आहे. हायनेक या चित्रपटाचे सल्लागार होते आणि शेवटच्या प्रसंगात दाढीधारी, पाइपसह क्षणभर दिसतात. या चित्रपटाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. आकाशातून ऐकू आलेले स्वर गाणारा जमाव आकाशाकडे बोटे उंचावतो, तो प्रसंग कथेत उत्तर भारतात घडतो. त्याचे चित्रीकरण मात्र रायगड जिल्ह्यात खालापूरजवळच्या हाळ गावी फेब्रुवारी १९७७ मध्ये झाले. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो त्यात अभिनेते म्हणून होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या दूरचित्रवाणी मालिकेत हायनेक यांची भूमिका एडन गिलन यांनी केली. तिच्यातील बराचसा भाग कल्पित आहे.

कुटुंब व निधन

मिरियम कर्टिस यांच्याशी हायनेक यांचा १९४२ मध्ये विवाह झाला. हा त्यांचा दुसरा विवाह होता. त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी जोएल हायनेक यांनी चित्रपटांच्या दृश्य परिणामांत नाव कमावले आणि 'व्हॉट ड्रीम्स मे कम' या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

१९७८ मध्ये हायनेक विद्यापीठातून निवृत्त झाले आणि अखेरच्या काळात ॲरिझोनात स्थायिक झाले. मेंदूतील गाठीमुळे २७ एप्रिल १९८६ रोजी स्कॉट्सडेल येथे त्यांचे निधन झाले. वयाची शहात्तर वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते, आणि हॅलेचा धूमकेतू नुकताच सूर्याला वळसा घालून परत निघाला होता. ब्लू बुकची दप्तरे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून ती अभ्यासकांसाठी खुली आहेत. मँटेल प्रकरणाचे कागद त्यांतच आहेत.